मोजण्याआधी वाचणे : प्राध्यापकांच्या मूल्यमापनाच्या अभ्यासाला प्रस्तावना

१

१८९० च्या अखेरीस बाळ गंगाधर टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. ज्या संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता, तिचा राजीनामा देताना त्यांनी कारणांचे सविस्तर निवेदन लिहिले. भांडण बरेचसे स्वभावांचे आणि मतांचे होते, पण त्याच्या मुळाशी एक रोखठोक व्यावहारिक प्रश्न होता. आजीव सदस्यांनी सारखे आणि माफक वेतन घ्यावे, बाहेर कमाईचे किंवा वेळ खाणारे दुसरे काम पत्करू नये, असे टिळकांचे म्हणणे होते. अनेक सहकाऱ्यांना ही अट जाचक वाटे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले तेव्हा वाद विकोपाला गेला. वर्गाबाहेर समाजासाठी केलेले काम प्राध्यापकाचे काम धरायचे की नाही? ते धरायचे किंवा नाही धरायचे, हे कोणी ठरवायचे?

त्याच्या काही वर्षे आधी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस वेगळ्या कारणाने झगडले होते. भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकापेक्षा कमी पगार देण्याची तिथे रीत होती. बोसांनी तो पगार घ्यायचेच नाकारले, मात्र शिकवणे एक दिवसही थांबवले नाही. तीन वर्षांनी सरकार नमले आणि त्यांना पूर्ण वेतन मागच्या थकबाकीसह मिळाले.

या दोन प्रसंगांत न्यायाच्या दोन निरनिराळ्या कल्पना आहेत. बोसांची मागणी सोपी आणि निर्विवाद होती : सारख्या कामाला सारखे मोल. पुण्यातला वाद अधिक अवघड होता, कारण काम म्हणजे काय यावरच तिथे एकमत नव्हते. आज एखाद्या विद्यापीठात पदोन्नतीची फाइल अडते तेव्हा वरवर भांडण बोसांसारखे दिसते, आतून ते बहुधा टिळक-गोखल्यांचेच असते. प्राध्यापकांचे मूल्यमापन हा अभ्यासविषय या दुसऱ्या प्रश्नातून सुरू होतो.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. हा विषय प्रशासनशास्त्राच्या कोपऱ्यातला रुक्ष विषय नाही. ज्ञानाला किंमत कशी लावायची, सहकाऱ्याच्या कामाचा न्याय सहकाऱ्याने कसा करायचा, सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संस्थेने आपल्या निर्णयांची कारणे कोणाला द्यायची, असे जुने आणि मोठे प्रश्न इथे शासन निर्णयांच्या आणि तक्त्यांच्या भाषेत भेटतात. ती भाषा शिकून घ्यावी लागते. शिकली की तक्त्यामागची माणसे दिसू लागतात.

२

आधी शिडी समजून घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापक शैक्षणिक स्तर १० वर रुजू होतो. पुढे स्तर ११ आणि १२, मग सहयोगी प्राध्यापक म्हणून १३अ, प्राध्यापक म्हणून १४, आणि मोजक्यांसाठी वरिष्ठ प्राध्यापक म्हणून १५. पहिली पायरी चढायला पीएच.डी. असेल तर चार वर्षे, एम.फिल. असेल तर पाच, दोन्ही नसेल तर सहा वर्षे सेवा लागते. प्राध्यापकपदापर्यंत पोहोचताना किमान दहा शोधनिबंध लागतात, त्यांतले तीन मूल्यमापनाच्या कालावधीतले असावे लागतात, आणि संशोधनाचे किमान ११० गुण भरावे लागतात.

ही शिडी चढण्याच्या व्यवस्थेला सगळे 'कॅस' म्हणतात. तिची एक खासियत नवख्याच्या लक्षात येत नाही. कॅसमधली पदोन्नती व्यक्तीला मिळते, पद रिकामे व्हावे लागत नाही. माणूस सेवानिवृत्त झाला की पद मूळ श्रेणीत परत जाते. म्हणजे इथे एका जागेसाठी पाच जणांची चढाओढ नसते. प्रत्येकाची तुलना ठरलेल्या उंबरठ्याशी होते. सरळसेवा भरतीत मात्र तुलना माणसांची माणसांशी असते. या दोन प्रकारांत न्यायाच्या कसोट्या वेगळ्या असायला हव्यात. उंबरठा ओलांडणाऱ्याला अडवले तर तो अन्याय ठरतो. चढाओढीत मात्र पात्र माणूसही हरू शकतो. आपल्याकडच्या चर्चेत या दोन्हींची सतत गल्लत होते, आणि कॅसची छाननी समिती भरतीच्या मुलाखतीसारखी वागू लागली की तंट्यांना तोंड फुटते.

दुसऱ्या देशांत शिडी वेगळी बांधलेली आहे. अमेरिकन विद्यापीठीय प्राध्यापक संघटनेच्या १९४० च्या निवेदनाने परिवीक्षेचा काळ सात वर्षांपेक्षा जास्त नसावा असे म्हटले. त्यानंतर एकतर कायमपद मिळते किंवा संस्था सोडावी लागते. तिथे सगळा ताण पहिल्या सात वर्षांत असतो, आणि कायमपदाचा उद्देश स्पष्टपणे वैचारिक स्वातंत्र्याचे रक्षण हा असतो. आपल्याकडे कायम होणे तुलनेने लवकर घडते, पण प्रत्येक पायरीवर पुन्हा तपासणी होते. त्यामुळे आपल्या प्राध्यापकाचा ताण पंधरा-वीस वर्षांवर पसरलेला असतो. परदेशातले निष्कर्ष इथे लावताना हा फरक विसरला तर अभ्यास भरकटतो.

३

आता अंकांकडे. २०१० च्या नियमावलीने 'एपीआय' नावाची गुणपद्धती आणली. शिकवणे आणि परीक्षेचे काम, सहशालेय व संस्थात्मक काम, आणि संशोधन असे तीन विभाग, प्रत्येकाला गुण. आज या पद्धतीची टिंगल करणे सोपे आहे. ती का आली हे मात्र समजून घ्यावे. त्याआधीच्या व्यवस्थेत गोपनीय अहवाल, मुलाखत आणि ओळखीपाळखी यांचे वजन मोठे होते. जिल्ह्याच्या गावी, मोठ्या शहरातल्या वर्तुळाबाहेर काम करणाऱ्या शिक्षकाला आपल्याबद्दल कोणी काय लिहिले हे कळतही नसे. एपीआयने त्याच्या हातात एक तक्ता दिला. आपले गुण आपणच मोजायचे, पुरावा जोडायचा, आणि समितीला विचारायचे की हे भरतात की नाही. वशिला नसलेल्याला संख्येत आधार वाटला, यात नवल नाही. मूल्यमापनाचा इतिहास लिहिणाऱ्याने या आश्वासनाची नोंद सहानुभूतीने केली पाहिजे.

तक्त्याचे आश्वासन कुठे फसले, हे तक्ता वाचूनच कळते. २०१० च्या गुणदानात आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला ५० गुण, राष्ट्रीय पातळीवरच्या प्रकाशकाच्या ग्रंथाला २५, आणि इतर स्थानिक प्रकाशकाच्या ग्रंथाला १५. या शेवटच्या रकान्यात कोण बसते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. २०१८ च्या तक्त्यात आकडे बदलले, पण दृष्टी फारशी बदलली नाही. भाषा आणि मानव्यविद्यांत एका शोधनिबंधाला १० गुण आहेत आणि एका संपूर्ण ग्रंथाच्या अनुवादाला ८. दोन-तीन वर्षे खपून एखादा अवघड तत्त्वज्ञानाचा ग्रंथ मराठीत आणणाऱ्याने हा हिशेब बघितला, तर अनुवाद करण्याचा विचार तो सोडून देईल.

इरावती कर्वे यांचे उदाहरण घ्यावे. डेक्कन कॉलेजातल्या या मानववंशशास्त्रज्ञ प्राध्यापिकेची दोन पुस्तके डोळ्यासमोर आणा. भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचे इंग्रजी पुस्तक १९५३ मध्ये डेक्कन कॉलेजनेच काढले. महाभारतावरचे 'युगान्त' मराठीत लिहिलेले, सामान्य वाचकासाठीचे, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले. एक पुस्तक विद्याशाखेचा पाया घालणारे, दुसरे एका समाजाची स्वतःकडे पाहण्याची नजर बदलणारे. आजच्या तक्त्यात दोन्ही बहुधा एकाच ओळीत बसतील किंवा दुसरे एक ओळ खाली जाईल. तक्ता चुकीचा गुण देईल असे इथे म्हणायचे नाही. त्याला या दोन पुस्तकांतला फरक सांगताच येणार नाही, ही खरी अडचण आहे. तो फरक सांगायला कोणालातरी दोन्ही वाचावी लागतील.

या विषयाकडे पाहण्याची माझी भूमिका इथे उघडपणे मांडतो. आपण बेजबाबदार मतापासून पळालो आणि बेजबाबदार अंकगणितापाशी येऊन थांबलो. गोपनीय शेऱ्याच्या काळात निर्णय घेणारा माणूस होता, पण तो कारणे देत नव्हता. गुणतक्त्याच्या काळात कारणे आहेत, पण निर्णय आपला आहे असे म्हणणारा माणूस उरलेला नाही. जो तो तक्त्याकडे बोट दाखवतो. न्याय्य मूल्यमापनाला दोन्ही लागतात : काम प्रत्यक्ष वाचणारा माणूस, आणि वाचून काय वाटले ते कारणांसह लिहून त्याखाली सही करण्याची त्याची तयारी.

४

संख्या शोधनिबंधांपर्यंत कशी पोहोचली, ही कथा या क्षेत्रातली सर्वांत उद्बोधक कथा आहे. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात संदर्भांच्या सूचीची कल्पना मांडली. त्यातून पुढे आलेला 'इम्पॅक्ट फॅक्टर' नियतकालिकांसाठी होता. सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत, ग्रंथालयाने कोणती विकत घ्यावीत, हे ठरवायला त्याची मदत होई. नियतकालिकाची ही सरासरी हळूहळू त्यातल्या प्रत्येक निबंधाला आणि प्रत्येक लेखकाला चिकटवली गेली. २०१८ च्या आपल्या तक्त्यातही निबंधाच्या मूळ गुणांवर नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार वाढीव गुण आहेत : एकच्या आत असेल तर १०, दहाच्या वर असेल तर ३०. निबंध कोणी उघडून पाहिला नसेल तरी हे गुण मिळतात. गणितातली किंवा मराठी बोलीभाषांवरची नियतकालिके वैद्यकाच्या नियतकालिकांशी या आकड्यात कधीच बरोबरी करू शकत नाहीत, कारण त्या विद्याशाखांत एकमेकांचे संदर्भ देण्याची चालच निराळी आहे.

होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेल्या 'एच-निर्देशांका'चीही गत हीच. एका माणसाचे सारे काम एका पूर्णांकात मावते, ही सोय मोहात पाडणारी होती. या मोहाविरुद्ध संशोधकांनीच दोन महत्त्वाचे दस्तऐवज तयार केले. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पेशीजीवशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात सुरू झालेले आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले 'डोरा' हे जाहीर निवेदन सांगते की नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाची नेमणूक, बढती किंवा अनुदान ठरवू नये. २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या लायडन जाहीरनाम्याने दहा तत्त्वे मांडली. आकड्यांनी तज्ज्ञांच्या मताला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये, हे त्यांतले पहिले. स्थानिक महत्त्वाच्या, इंग्रजीखेरीज इतर भाषांतल्या संशोधनाचे रक्षण करावे, हेही त्यांत आहे. नव्या अभ्यासकाने हे दोन्ही मजकूर प्रथम वाचावेत. दोन्ही लहान आहेत आणि एका संध्याकाळी वाचून होतात.

आपल्याकडे काय घडले ते बघा. गुणांसाठी निबंध हवेत, म्हणून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार उभा राहिला. त्याला आळा म्हणून आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली. तीत नावे सुचवण्याचा अधिकार विद्यापीठांनाही दिला, आणि बाजार यादीतच शिरला. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, विद्यापीठांच्या शिफारशीतून आलेल्या आणि इतर सूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकी तपासलेली ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात, असे दिसले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून काढली. मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्राच्या मदतीने 'केअर' यादी आली. २०२५ च्या फेब्रुवारीत ती यादीही बंद झाल्याचे आयोगाने जाहीर केले आणि दर्जा तपासण्याची जबाबदारी संस्थांकडे आली.

या घडामोडींचा धडा स्पष्ट आहे. निबंध वाचण्याची जबाबदारी टाळायला यादी केली, यादी बिघडली, ती दुरुस्त केली, शेवटी जबाबदारी परत विभागाच्या दारात आली. एखादे माप जेव्हा उद्दिष्ट बनते तेव्हा ते माप म्हणून निकामी होते, असे गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व सांगते. अर्थशास्त्रात १९७५ मध्ये मांडलेल्या या निरीक्षणाचे उदाहरण शोधायला मराठी वाचकाला लांब जावे लागत नाही.

५

अध्यापनाचे मूल्यमापन हा या क्षेत्राचा सर्वांत कच्चा भाग आहे. २०१८ च्या नियमावलीत शिकवण्याची प्रतवारी अशी होते : नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा अधिक घेतले तर 'चांगले', ७० ते ८० टक्क्यांच्या आत 'समाधानकारक', त्याखाली 'असमाधानकारक'. तास न घेणाऱ्याला हटकण्यासाठी हे ठीक आहे. पण यातून तास झाला एवढेच कळते. त्यात काय झाले, हे कळत नाही. संशोधनाला दोन पानांचा तक्ता आणि शिकवण्याला हजेरीची टक्केवारी असे प्रमाण असले, की तरुण प्राध्यापकाने कशाकडे लक्ष द्यावे हा संदेश न बोलताच पोहोचतो.

विद्यार्थ्यांचा अभिप्राय घ्यावा, हे उत्तर लगेच सुचते. घ्यावाच. पण तो कसा वाचावा, यावर भरपूर संशोधन झाले आहे आणि ते सावध करणारे आहे. अमेरिकेतल्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमात संशोधकांनी शिक्षकांची नावे अदलाबदल केली. पुरुष शिक्षकाने काही गटांपुढे स्त्रीची ओळख घेतली, स्त्री शिक्षकाने पुरुषाची. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात विद्यार्थ्यांनी पुरुष समजलेल्या शिक्षकाला जास्त गुण दिले. गृहपाठ सर्वांना एकाच वेळी परत मिळत होते, तरी 'वेळेवर परत देतात का' या प्रश्नातही स्त्री समजलेल्या शिक्षकाला कमी गुण पडले. अभिप्रायाच्या गुणांचा आणि विद्यार्थी प्रत्यक्ष किती शिकले याचा संबंध नगण्य असल्याचे २०१७ मधल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसले. आपल्याकडे लिंगाबरोबर जात, बोलीचा लहेजा, विषय अनिवार्य की ऐच्छिक, यांचा अभिप्रायावर काय परिणाम होतो, हे तपासणारे काम करायला मोठी जागा आहे.

मग शिकवणे पाहायचे कसे? जगभर रुजत असलेले उत्तर असे की अनेक खिडक्यांतून पाहायचे : सहकाऱ्याने वर्गात बसून केलेले, आधी ठरवलेल्या मुद्द्यांवरचे निरीक्षण, शिक्षकाने स्वतः जमवलेली टिपणे, प्रश्नपत्रिका, तपासलेल्या वहीचे नमुने, विद्यार्थ्यांचा लेखी अभिप्राय, आणि या सर्वांवर शिक्षकाचे स्वतःचे भाष्य. अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये विद्वत्तेची चार अंगे मांडली : शोध, समन्वय, उपयोजन आणि अध्यापन. ही मांडणी अजून उपयोगी पडते, कारण तीत अध्यापनाला संशोधनाच्या खालची पायरी दिलेली नाही. आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये चर्चेसाठी ठेवलेल्या मसुद्यात गुणांच्या बेरजेऐवजी नऊ क्षेत्रांपैकी किमान चारांत उल्लेखनीय योगदान पाहावे असे सुचवले होते, आणि त्या नवांत नावीन्यपूर्ण अध्यापनासोबत भारतीय भाषांतले अध्यापनही होते. दिशा स्वागतार्ह आहे. पण 'उल्लेखनीय' कोण ठरवणार आणि कारण कुठे लिहिणार, हे ठरले नाही तर आपण २०१० च्या आधीच्या काळात परत जाऊ.

६

म्हणून कार्यपद्धतीचा अभ्यास निकषांइतकाच महत्त्वाचा आहे. इथे भारतीय न्यायालयांनी घालून दिलेला वारसा समृद्ध आहे, आणि तो विद्यापीठांबाहेरच्या प्रकरणांतून आला आहे. क्रैपक प्रकरणात जम्मू-काश्मीरच्या वनसेवेतला एक अधिकारी निवड मंडळाचा सदस्य होता आणि स्वतः उमेदवारही. आपले नाव आले तेव्हा तो बाहेर गेला, पण प्रतिस्पर्ध्यांची नावे आली तेव्हा बसून राहिला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. विभागप्रमुखाने आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या फाइलवर बसू नये, यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही.

दुसरे प्रकरण देव दत्त यांचे, २००८ मधले. एका वर्षी त्यांच्या अहवालात 'चांगले' असा शेरा होता. बढतीसाठी 'अतिशय चांगले' हवे होते. शेरा प्रतिकूल नाही म्हणून तो त्यांना कळवलाच नव्हता. न्यायालयाने सांगितले की चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा कळवला पाहिजे आणि त्यावर म्हणणे मांडायची संधी दिली पाहिजे. कौतुकाच्या शब्दांनीही माणसाची बढती अडू शकते, हे त्यातले मर्म.

पारदर्शकतेने काय साधते, याचे उत्तम उदाहरण स्वीडनचे. तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे गोपनीय गुण दोन संशोधिकांनी, क्रिस्टीन वेनेरास आणि आग्नेस वोल्ड यांनी, माहितीच्या कायद्याच्या आधारे मिळवले. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी दाखवले की तितकेच गुण मिळायला स्त्री अर्जदाराचे काम पुरुषाच्या सुमारे अडीच पट असावे लागत होते. परीक्षकांपैकी कोणाशी संबंध असेल तर त्याचाही फायदा दिसत होता. आपल्याकडे २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. त्याचा वापर आतापर्यंत बहुतेक वेळा एखाद्याच्या तक्रारीपुरता झाला. संपूर्ण व्यवस्थेची पाहणी करायला तो अजून फारसा वापरलेला नाही.

समितीची रचना हाही अभ्यासाचा भाग. २०१८ च्या नियमावलीत अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग उमेदवार असेल तर त्या प्रवर्गातला एक शिक्षणतज्ज्ञ निवड समितीत असावा लागतो. अशी उपस्थिती प्रत्यक्ष निर्णयावर कधी परिणाम करते आणि कधी फक्त सहीपुरती राहते, यावर चांगले क्षेत्रकार्य होऊ शकते.

७

शेवटी शिडीबाहेरच्यांकडे. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे शिक्षक मोठ्या प्रमाणावर आहेत. नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती, मानधन तासांवर. त्यांचे मूल्यमापन होत नाही, कारण त्यांना कुठे चढायचेच नसते. पुढे कायम नेमणूक झाली तरी आधीची वर्षे मोजली जाणे कठीण. कारण पूर्वीची तात्पुरती सेवा धरण्यासाठी २०१८ च्या नियमावलीत इतर अटींबरोबर एक अट अशी आहे की त्या काळात नियमित शिक्षकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी मोबदला मिळालेला नसावा. म्हणजे तेव्हा पैसे कमी दिले, आणि ते कमी दिले म्हणून आता वर्षेही धरायची नाहीत. कॅसच्या तक्त्यातल्या दोन-चार गुणांवर होणाऱ्या चर्चेपेक्षा हा प्रश्न मोठा आहे, आणि या क्षेत्राने तो आपल्या परिघात आणला पाहिजे.

करिअरचा विकास म्हणजे पदोन्नती एवढेच नव्हे, हेही इथे येते. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत शिक्षक प्रशिक्षणाची केंद्रे सुरू झाली. उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग हे शब्द त्यांनी आपल्या बोलण्यात आणले. आज ती मालवीय मिशनच्या नावाने चालतात. हे वर्ग पदोन्नतीची अट झाले आणि बरेचदा प्रमाणपत्रापुरतेच राहिले. पहिल्या दोन वर्षांत एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे नियमित मार्गदर्शन, बाळंतपणानंतर संशोधनाला परत वळण्यासाठी कमी कार्यभार, लांब पल्ल्याच्या ग्रंथासाठी रजा, या गोष्टींनी प्राध्यापक घडतो. त्या गुणतक्त्यात दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी तरतूदही होत नाही.

नेदरलँड्समधल्या विद्यापीठांनी २०१९ पासून अध्यापन, संशोधन, नेतृत्व आणि समाजाशी संवाद यांपैकी निरनिराळ्या वाटांनी बढती मिळावी अशी व्यवस्था करायला घेतली. तिथे काही संशोधकांनीच विरोध केला : आपण आकडे सोडले आणि इतर देशांनी सोडले नाहीत, तर आपल्या तरुणांना बाहेर नोकरी कशी मिळणार? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मूल्यमापनाची पद्धत कोणतेही विद्यापीठ एकट्याने पूर्णपणे बदलू शकत नाही. विभागाच्या पातळीवर मात्र बरेच बदलता येते.

८

या विषयात पाय ठेवणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? पहिले काम म्हणजे नियम स्वतः वाचणे. २०१०, २०१८ आणि राज्याचे संबंधित शासन निर्णय एकत्र ठेवून वाचले, तर अर्ध्या अफवा गळून पडतात. दुसरे काम म्हणजे आपल्या विद्याशाखेची चाल लिहून काढणे : इथे उत्तम काम किती वर्षांत होते, ते कुठे छापले जाते, एकट्याने होते की गटाने, कोणत्या भाषेत होते. असे दोन पानांचे टिपण प्रत्येक विभागाने केले, तर बाहेरून येणाऱ्या विषयतज्ज्ञाला त्या विभागाच्या मापाने मोजता येईल. तिसरे काम संशोधकाचे : निर्णयांच्या कारणांचा अभ्यास. आपल्या समित्यांच्या इतिवृत्तांत 'शिफारस करण्यात येते' आणि 'शिफारस करण्यात येत नाही' यांपलीकडे किती वाक्ये असतात, एवढी साधी पाहणीही मराठी मुलखात या विषयाला भक्कम आधार देईल.

आणि जो कोणी उद्या समितीत बसणार असेल, त्याच्यासाठी एक सूचना, जिला कोणत्याही नव्या नियमाची गरज नाही. प्रत्येक उमेदवाराकडून त्याला स्वतःला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे दोनच लेख किंवा एक प्रकरण आधी मागवावे, बैठकीला येण्यापूर्वी ते वाचावे, आणि गुणांच्या बेरजेखाली आपल्या हाताने पाच ओळी लिहाव्यात : हे काम काय सांगते, त्यात नवे काय, उणे काय. त्या ओळी उमेदवाराला दाखवाव्यात. उमेदवाराला त्या पटणार नाहीत असेही होईल. पण आपले काम कोणीतरी वाचले आहे आणि वाचणाऱ्याने त्याखाली आपले नाव लिहिले आहे, हे त्याला कळेल. मग असहमतीही वादाच्या योग्यतेची होते, आणि जिथे असहमतीवर कारणांनिशी वाद घालता येतो, तिथेच हे क्षेत्र अभ्यासविषय म्हणून उभे राहते.